धाग्याचा सांधा

कावेरीच्या खोऱ्यात, कुंभकोणमच्या ईशान्येस, तिरुप्पनंदाळ नावाचे एक लहानसे गाव आहे. तंजावर जिल्ह्यातील या गावाचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणाच्या कानावर आले नसेल. परंतु तमिळ शैवांना ते दोन कारणांनी ठाऊक आहे. एक, तेथील काशीमठ. सतराव्या शतकात कुमरगुरुपर नावाच्या तमिळ कवी-संन्याशाने वाराणसीस जाऊन मठ स्थापिला आणि अठराव्या शतकात, म्हणजे तंजावरास भोसल्यांचे राज्य असताना, त्याच परंपरेने तिरुप्पनंदाळला ठाणे दिले. दुसरे कारण म्हणजे तेथील शिवमंदिर आणि त्याची आख्यायिका. ताटका नावाची एक स्त्री रोज शिवलिंगाला माळ घालीत असे. एके दिवशी माळ हाती धरली असताना तिचे वस्त्र सुटू लागले. हात मोकळे करता येईनात, तेव्हा देवानेच मस्तक झुकवून माळ स्वीकारली. लिंग तसेच कललेले राहिले. राजाने हत्ती जुंपले, तरी ते सरळ होईना. अखेर तिरुक्कडवूरचा कुंगिलियक्कलय नायनार, जो देवाला गुग्गुळाचा धूप दाखविण्याच्या नेमापायी निर्धन झाला होता, तो आला. त्याने दोराचे एक टोक लिंगाला बांधले, दुसरे आपल्या गळ्याला, आणि ओढू लागला. लिंग सरळ झाले.

कथेतला दोर तुटला नाही. व्यवहारातले सूत मात्र तुटते; रोज तुटते, आणि तुटले नाही तरी केव्हातरी संपते. दोन्ही प्रसंगी त्याला दुसरे टोक जोडावेच लागते. हे जोडणे ही वस्त्रविद्येतील फार मोठी आणि फार दुर्लक्षित बाब आहे. चरख्यावर, मागावर आणि गिरणीवर पुष्कळ लिहिले गेले. चरखा तर एका काळी राष्ट्राच्या ध्वजावर जाऊन बसला. पण दोन टोके ज्या क्षणी एक होतात त्या क्षणाकडे पाहण्याची सवड फारशी कोणी काढली नाही. वास्तविक कापडाचा पोत, विणकराचा रोजमुरा आणि गिरणीचा नफा या तिन्ही गोष्टी त्या क्षणावर अवलंबून असतात.

तिरुप्पनंदाळहून काही कोसांवर तिरुभुवनम आहे. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेल्या कंपहरेश्वराच्या मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे, आणि रेशमी साड्यांसाठीही. तेथील विणकरांची सहकारी संस्था १९५५ साली स्थापन झाली. तिरुभुवनमच्या रेशमी साडीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तेथे आणि कुंभकोणमला माग चालविणाऱ्यांत मोठा भाग सौराष्ट्र समाजाचा आहे. तमिळ लोक त्यांना ‘पट्टुनूलकारर्’ म्हणतात. पट्टु म्हणजे रेशीम, नूल म्हणजे सूत; रेशमी सुताचे लोक. आपले पूर्वज सौराष्ट्रातून निघाले, देवगिरीच्या आश्रयाला काही काळ राहिले, मग विजयनगरमार्गे दक्षिणेस उतरले, असे ते परंपरेने सांगतात. या परंपरेतील प्रत्येक टप्प्याला शिलालेखाचा आधार मागू नये. पाचव्या शतकात लाट देशातून दशपुरास गेलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीचा मंदसोरचा लेख मात्र सुप्रसिद्ध आहे. या समाजाच्या घरगुती बोलीचा पाया गुजरातीशी नाते सांगतो आणि त्यावर मराठीचा ठसा आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठी माणसाला तिरुभुवनमच्या गल्लीत कानांवर पडणारा एखादा शब्द ओळखीचा वाटला, तर ते नवल नव्हे. शेजारच्या तिरुविडैमरुदूर येथेच, मध्यार्जुन या संस्कृत नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्री, तंजावरचे पदच्युत राजे अमरसिंह १७९८ नंतर राहावयास गेले होते.

आणखी एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. तमिळमध्ये ‘नूल’ या शब्दाचा अर्थ सूत असा आहे, तसाच ग्रंथ असाही आहे. संस्कृतातील ‘सूत्र’ शब्दाची कथा हीच. ‘नन्नूल’ नावाच्या जुन्या तमिळ व्याकरणात ग्रंथरचनेला सूतकताईचीच उपमा दिली आहे. मात्र कातताना सूत तुटले तर काय करावे, याचा विचार व्याकरणकाराने केलेला नाही. तो विचार ज्यांना करावा लागला, त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

आता रेशमाच्या मागाकडे पाहू. मागावर उभे ताणलेले सूत म्हणजे ताणा. धोट्याने आडवे जाते ते बाणा. ताण्याची प्रत्येक तार वहीच्या एकेका डोळ्यातून आणि मग फणीच्या घरातून ओवलेली असते. इंचाला शंभर तारा धरल्या, तर अठ्ठेचाळीस इंची पन्ह्यात चार हजार आठशे तारा होतात. ताणा संपला म्हणजे नवा ताणा आणावयाचा; पण या चार हजार आठशे तारा पुन्हा वहीफणीतून एकेक करून ओवणे म्हणजे दिवसच्या दिवस खर्ची घालणे. यावर जुन्या कारागिरांनी एक युक्ती काढली. जुना ताणा अगदी शेवटपर्यंत विणावयाचा नाही. वहीच्या मागे त्याची वीतभर शेपटे शिल्लक ठेवावयाची, आणि नव्या ताण्याची तार जुन्या ताण्याच्या तारेला सांधावयाची. सर्व तारा सांधून झाल्या की हलक्या हाताने पुढे ओढावयाचे. जुन्या तारा नव्या तारांना बोटाला धरून वहीतून व फणीतून पार करतात आणि माग पुन्हा सुरू होतो.

येथे सांधणारा गाठ मारीत नाही. गाठ वहीच्या डोळ्यात अडेल, फणीत अडेल, आणि रेशमासारखी गुळगुळीत तार गाठीतून सुटूनही जाईल. तो दोन्ही टोके शेजारी ठेवून अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये एक वळसा देतो आणि पिळलेले टोक जुन्या तारेवरच मागे दुमडून पुन्हा पिळतो. हे सारे एका श्वासात होते. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात. दाबामुळे घर्षण वाढते. घर्षणामुळे ओढ सहन होते. सांधा तारेपेक्षा थोडासाच जाड होतो आणि वहीच्या डोळ्यातून निमूटपणे निघून जातो. कायमची ताकद त्याच्यापाशी नसते, पण ती कोणी मागितलेलीही नसते. फणी ओलांडली की त्याचे काम संपले. तो भाग साडीत येत नाही, कापून टाकला जातो.

हे काम बहुधा घरातील स्त्रिया, वृद्ध माणसे, किंवा एका घरून दुसऱ्या घरी जाऊन सांधणी करणारे कारागीर करतात. विणकराची मजुरी साडीमागे ठरते. त्या मजुरीत कांडी भरणे, ताणा पसरणे, तारा सांधणे ही सगळी कामे पोटात घातलेली असतात. हिशेबाच्या वहीवर नाव एकाचे, बोटे मात्र तिघाचौघांची. हातमागाच्या चौथ्या अखिल भारतीय गणनेत, म्हणजे २०१९–२० साली, देशात सुमारे पस्तीस लाख हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत विणकर वेगळे आणि पूरक काम करणारे वेगळे, असे दाखविले आहे. ही विभागणी प्रशासनाच्या सोयीची आहे. परंतु सांधणी बिनसली तर निष्णात विणकरसुद्धा हातावर हात ठेवून बसतो, हे पाहिले म्हणजे पूरक काम कोणते आणि मुख्य काम कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही.

कांचीपुरमच्या साडीत सांध्याचा एक वेगळाच, मानाचा प्रकार आहे. पदराचा रंग अंगाच्या रंगाहून अगदी निराळा हवा असेल, तर नुसता बाणा बदलून भागत नाही; तसे केल्यास पदराच्या रंगात अंगाचा रंग डोकावतच राहतो. म्हणून ताणाच बदलतात. अंगाच्या ताण्याच्या तारांत पदराच्या ताण्याच्या तारा हाताने अडकवून घेतात. याला ‘पेट्नी’ म्हणतात. जेथे हा बदल होतो तेथे साडीत एक दाट, किंचित उठावाची रेघ दिसते. अन्यत्र सांधा लपविण्याची धडपड असते. येथे तो मिरविला जातो, आणि जाणती गिऱ्हाईक स्त्री साडी उलगडून आधी तीच रेघ शोधते. काठ आणि अंग निराळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतविण्याची ‘कोर्वै’ पद्धतीही याच जातीची. पैठणीच्या विणकराला तीन धोट्यांचे काम ठाऊक असल्यामुळे त्याला ती चटकन समजावी.

रेशमाकडून कापसाकडे वळले की सांध्याचे सगळे गणितच बदलते. रेशमाची तार किड्यानेच सलग काढून दिलेली असते. एका कोषातून शेकडो मीटर तंतू उलगडतो. कापसाचा तंतू मात्र इंच-सव्वाइंचाचा. तेव्हा सुती धागा हा मुळातच असंख्य सांध्यांचा बनलेला आहे, असे म्हटले तरी चालेल; पीळ हाच त्याचा सांधा. चरख्यावर सूत तुटले तर कातणारी स्त्री गाठ मारते काय? मुळीच नाही. ती तुटलेल्या सुताचे टोक पेळूच्या मोकळ्या तंतूंवर टेकविते आणि चाक फिरविते. पीळ सुतातून पेळूत चढतो, तंतूंना कवेत घेतो आणि सूत पुढे चालू लागते. चांगल्या कातणारीचा सांधा डोळ्यांनी ओळखू येत नाही. हीच क्रिया गिरणीच्या कताईखात्यात घडते. तुटलेले टोक बॉबिनवरून उलगडून पुढच्या रुळाशी नेले की रुळातून बाहेर पडणारे तंतू त्याला लगटतात. कामगाराच्या बोटाची हालचाल क्षणाचीच. पण दोन तारा जवळ आल्या, किंवा बोट जरा उशिरा सुटले, की तेथे जाड ढेकूळ राहते आणि ते थेट कापडापर्यंत जाते.

या क्षणाच्या हालचालीसाठी इंग्लंडने आपली मुले खर्ची घातली. लँकेशायरच्या गिरण्यांत चात्यांचा गाडा पुढे-मागे धावत असे आणि त्याच्यामागे अनवाणी धावून तुटलेल्या तारा जोडण्याचे काम लहान मुलांकडे असे. त्यांची बोटे बारीक आणि मजुरी त्याहून बारीक. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत मज्जाव केला, पण रेशमाच्या गिरण्या त्यातून वगळल्या. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांच्या पहिल्या गिरणीची उभारणी १८५४ साली ठरली आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात मुलाच्या वयाची किमान मर्यादा सात वर्षे होती. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करावे, हे कायदेशीर मानले गेले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली ती या पार्श्वभूमीवर. १८९१ साली वयाची मर्यादा नऊ झाली आणि मुलांचे कामाचे तास सातांवर आले.

कातलेले सूत बॉबिनवर असते, आणि बॉबिन लहान असते. चाळीस नंबरी सुताचे उदाहरण घ्या. चाळीस नंबर याचा अर्थ एका पौंडात ८४० वारांच्या चाळीस लड्या, म्हणजे ३३,६०० वार सूत. अशा सुताची पन्नास ग्रॅमची बॉबिन धरली, तर तिच्यावर सुमारे ३,४०० मीटर सूत बसते. विणकामास पाठविण्याचा कोन दोन किलोचा असेल, तर त्यासाठी चाळीस बॉबिनी लागतील आणि मध्ये एकही तार तुटली नाही तरी एकोणचाळीस सांधे पडतील. अंगातला एक सदरा दोनशे ग्रॅम सुताचा मानला, तर त्यात साडेतेरा किलोमीटर सूत आहे आणि निव्वळ बॉबिन बदलल्यामुळे पडलेले चार सांधे आहेत. बारीक जागा, जाड जागा, कस्पट हे सर्व कापून काढताना जे सांधे पडतात ते निराळेच.

बॉबिनवरून कोनावर सूत चढविण्याचे हे काम मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग खात्यात चाले, आणि वाइंडिंग खाते म्हणजे बायकांचे खाते. कोकणातून व घाटावरून आलेल्या या स्त्रिया दिवसभरात किती गाठी मारीत असतील याची गणती कोणी केली नाही. ती गाठ म्हणजे ‘विणकराची गाठ’. दोन टोके चिमटीत एकमेकांवर आडवी ठेवावयाची, एका सुताचा फेर अंगठ्याभोवती व टोकामागून घ्यावयाचा, दुसरे टोक त्या फेरात दाबावयाचे आणि ओढावयाचे. सांगावयास वेळ लागतो, मारावयास लागत नाही. गंमत अशी की कोकणातला कोळी जाळे विणताना दर घराला जी गाठ मारतो ती रचनेने हीच. जहाजावरचे खलाशी दोन दोर जोडतात तेव्हाही हीच. मात्र गिरणीच्या परिभाषेत ज्या गाठीला ‘कोळ्याची गाठ’ म्हणतात ती वेगळी. तीत प्रत्येक टोक दुसऱ्या सुताभोवती आपली स्वतंत्र गाठ घेते आणि दोन्ही गाठी एकमेकींवर येऊन बसतात. ती जाड होते, पण सुटत नाही; म्हणून नायलॉनसारख्या निसरड्या सुताला ती बरी. विणकराची गाठ बारीक आणि चपटी, पण निसरड्या सुतात घसरणारी. शेपूट लांब ठेवले तर ते फणीत शेजारच्या तारेला गुंतते. आखूड ठेवले तर गाठ उलगडते. इतके सारे तारतम्य त्या खात्यातील स्त्रीच्या चिमटीत असे, आणि तिला अकुशल कामगार म्हणत.

अमेरिकेत रॉकफर्ड येथील बार्बर-कोलमन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी या चिमटीचे यंत्र केले. तळहातावर बसणारे, अंगठ्याने दाबावयाचे छोटे उपकरण. दोन तारा त्याच्या चोचीत घातल्या आणि खटका दाबला की गाठ बसते आणि शेपटेही एका मापाची कापली जातात. त्याच कंपनीने ताणा जोडण्याचे यंत्रही काढले. जुना ताणा व नवा ताणा दोन चौकटींत समोरासमोर ताणून ठेवावयाचे. यंत्र एका बाजूकडून सरकत जाते, दोन्हींतली एकेक तार वेगळी काढते, गाठ मारते आणि पुढच्या तारेकडे वळते. आजची असली यंत्रे मिनिटाला शेकडो गाठी मारतात. तिरुभुवनमच्या ओटीवर जे काम बोटांनी चालते, तेच काम इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर अशा यंत्राने होऊ शकते. तरीही वहीफणीचे कामगार अजून आहेत, कारण नमुना बदलला, तारांची संख्या बदलली की जुन्या ताण्याला नवा जोडून भागत नाही. तेथे पुन्हा पहिल्यापासून ओवणे आले.

१९६० च्या सुमारास स्वित्झर्लंडातील उस्टरच्या कारखान्याने सुताची जाडी विजेच्या साहाय्याने पाहणारे उपकरण वाइंडिंग यंत्रावर आणले. सूत धावत असतानाच दोष ओळखावयाचा आणि तेथल्या तेथे ते कापावयाचे. उपकरण गुणाचे, पण त्याने एक विचित्र पेच निर्माण केला. दोष काढावा तर सूत कापावे लागते. कापले की गाठ मारावी लागते. आणि गाठ ही सुताच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे पुष्कळदा काढून टाकलेल्या दोषाहून मोठा दोष! रोग जाऊन औषधच अंगावर बसावे, तशी ही अवस्था होती. मागाचा वेग वाढत होता, होजिअरीच्या सुया बारीक होत होत्या. सुईच्या आकड्यात गाठ अडकली की कापडाला भोक पडे. अहमदाबाद, मुंबई आणि कोइंबतूर येथे स्वातंत्र्यानंतर स्थापन झालेल्या वस्त्रसंशोधन संस्थांतही तार का तुटते, शंभर चात्यांमागे तासाला किती तुटते, याचा काटेकोर हिशेब होऊ लागला होता. न तुटणारी तार हे ध्येय ठीक. पण तुटलेली तार गाठीवाचून कशी जोडावी, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्यवहारात आले, आणि ते वाऱ्याने दिले. दाबलेल्या हवेने सांधणारे हे यंत्र आज बहुतेक स्वयंचलित वाइंडिंग यंत्रांवर बसविलेले असते. तार तुटली की एक शोषनलिका कोनावरचे टोक शोधते, दुसरी बॉबिनवरचे. दोन्ही टोके एका अरुंद खोबणीत, विरुद्ध दिशांनी, शेजारी ठेवली जातात. चिमटे त्यांना धरतात, कात्री जादा भाग कापते. मग दोन्ही टोकांवर हवेचा झोत येतो. मात्र तो जोडण्यासाठी नव्हे, उलगडण्यासाठी. टोकांचा पीळ उकलतो, आखूड तंतू उडून जातात आणि जे उरते ते पेळूच्या टोकासारखे निमुळते, मोकळे होते. ही दोन मोकळी टोके किंचित मागे ओढून एकमेकांवर आणली जातात आणि पाच-सहा वातावरणांच्या दाबाचा झोत खोबणीत सुटतो. तंतू एकमेकांत घुसतात, भोवती गुंडाळले जातात, आणि दोन-तीन सेंटिमीटरचा सांधा तयार होतो. सारा प्रकार काही सेकंदांचा. सांध्याची जाडी मूळ सुतापेक्षा सुमारे पाव हिश्शाने जास्त आणि ताकद मूळ सुताच्या ऐंशी ते नव्वद टक्के.

हे वर्णन ऐकताना चरख्याची आठवण झाली असेल, तर ती अस्थानी नाही. टोक मोकळे करावयाचे, तंतूला तंतू भेटवावयाचा आणि पिळाने त्यांना एक करावयाचे. कातणारी हेच करीत आली आहे, आणि रेशीम सांधणाऱ्याच्या चिमटीतही पीळच काम करतो. गाठीचे यंत्र तयार करण्यास कल्पकता लागली, परंतु यंत्राने गाठीचीच नक्कल केली हीच त्याची मर्यादा ठरली. हवेच्या यंत्राने गाठ सोडून दिली.

अर्थात हवेलाही सर्व काही साधत नाही. उजव्या पिळाच्या सुताची खोबणी डाव्या पिळाच्या सुताला चालत नाही. जाड, दुपदरी किंवा तागाच्या जातीच्या सुताला झोताबरोबर पाण्याचा तुषार द्यावा लागतो. लोकरीला ऊन हवा मानवते. ज्या सुताच्या पोटात रबरासारखी ताणणारी तार असते, तेथे ती तार आक्रसून आत पळते आणि वरवर चांगला दिसणारा सांधा पोकळ निघतो. त्यासाठी खास योजना करावी लागते. काही कारखानदारांनी हवा सोडून दोन चकत्यांमध्ये सूत धरून ते आधी उलट व मग सुलट पिळणारी यंत्रे केली. त्यांचा सांधा अधिक देखणा असतो, पण ती नाजूक. आणि चेकोस्लोव्हाकियात १९६७ साली बाजारात आलेल्या रोटर कताईत तर सूत मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या वाटीत तयार होते. तेथे तुटलेले टोक त्या फिरत्या वाटीत परत सोडून तंतूंशी जुळवावे लागते. आता हे काम यंत्रच करते, कारण तितका नेमका क्षण साधणे बोटांना जड जाते.

या सुधारणांची किंमत कोणी दिली, हेही पाहावयास हवे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगारांत स्त्रियांचा हिस्सा सुमारे एक पंचमांश होता आणि त्यांतल्या बहुसंख्य रीलिंग व वाइंडिंग खात्यांत होत्या. रात्रपाळीत स्त्रियांना मनाई होती. १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याचा बोजा टाळण्याकडे मालकांचा कल होता. मग स्वयंचलित यंत्रे आली. त्यांतला प्रत्येक बदल आपापल्या जागी समर्थनीय होता. सर्वांचा मिळून परिणाम एकच झाला आणि तो म्हणजे खाते रिकामे होणे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी मिटत गेली, तेव्हा वाइंडिंग खात्यातील स्त्रिया संख्येने आधीच इतक्या कमी उरल्या होत्या की त्या संपाच्या कहाण्यांतही त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. गाठ मारण्याचे त्यांचे कसब निरुपयोगी ठरले यात यंत्राचा दोष नाही. कापडाला गाठ नको होती. परंतु त्या बोटांना दुसरे काम शिकवावे, असे त्या वेळी फारच थोड्यांना सुचले.

तिरुभुवनम-कुंभकोणमच्या रेशमी मागांपुढे आज निराळ्या स्वरूपात हाच प्रश्न आहे. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. त्याने यंत्रमागाच्या नकलेला आळा किती बसला, याविषयी दुमत आहे. परंतु माग वाचविण्याचे सारे उपाय धोटा मारणाऱ्यापाशी येऊन थांबतात. अर्थसाहाय्य विणकराला मिळते, पारितोषिक त्यालाच आणि ओळखपत्रही मुख्यतः त्याच्या नावे असते. घरची मुले शिकून चेन्नईस किंवा बंगळूरला निघून गेली की पहिली अडचण धोट्याची येत नाही. धोटा एक माणूस मारू शकतो. अडचण ताण्याची येते. पहाटे गल्लीत ताणा पसरावयास चार माणसे लागतात, आणि चार हजार आठशे तारा सांधावयास चांगल्या नजरेची व कोरड्या बोटांची माणसे लागतात. जेथे अशी माणसे मिळत नाहीत तेथे माग सुस्थितीत असूनही उभा राहतो. येवल्याच्या पैठणीवाल्यांनाही हे सांगावयास नको.

यावर दोन-तीन उपाय संभवतात. सहकारी संस्थांनी सांधणीची मजुरी साडीच्या मजुरीतून वेगळी काढून सांधणाऱ्याच्या हाती द्यावी; ताण्यामागे दर ठरला म्हणजे कामाला तोंड येते आणि कसबाला किंमत. गिरण्यांत हातात धरून वापरण्याची हवेची सांधणयंत्रे मिळतात, पण पिळदार रेशमासाठी ती अद्याप पुरती विश्वासाची नाहीत, आणि दाबलेली हवा गल्लीतल्या घरात आणणेही सोपे नाही. ताणा जोडण्याचे लहान यंत्र चार-पाच मागांच्या गटाला मिळून चालवता येईल, मात्र तेथेही गाठ आली आणि गाठीबरोबर वहीत अडणे आले. ताणा एकाच नमुन्याचा, लांब, पुष्कळ साड्यांचा लावला तर सांधणीचे प्रसंग कमी होतात. पण मग दर साडीला वेगळा रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे काय? व्यापाऱ्याला लांब ताणा आवडतो, गिऱ्हाइकाला आखूड.

तोवर काम चालले आहे ते जुन्याच रीतीने. वहीच्या मागे मांडी घालून बसावे, जुन्या ताण्याची मूठभर शेपटे डाव्या हाताशी, नव्याची उजव्या हाताशी. एक तार इकडची, एक तिकडची, एक वळसा, एक दुमड. मध्येच तार चुकली तर पुढची सर्व चुकतात, म्हणून अधूनमधून थांबून तारांची जोडी लावून पाहावयाची. काठाच्या जरीच्या तारा शेवटी. मग कोणी एक जण समोर बसून फणीच्या अलीकडून हलक्या हाताने ओढतो, दुसरा वहीकडे डोळे लावून असतो, आणि अडलेली तार दिसली की ओढणाऱ्याला थांबवितो.